कुत्र्याचं पाणी तोडू नका, प्लीज
"कुत्रं घरात सारखी लघवी करतंय तर त्याचं पाणी कमी करा" असा मेसेज फिरतोय, तो साफ चुकीचा आहे. किडनीचा त्रास किंवा डायबिटीस असेल तर पाणी तोडल्याने जीवावर बेतू शकतं. आमची म्हातारी कुत्री झोपेतून उठली की खाली ओला डाग, आणि ती बिचारी कान पाडून बघत बसायची, कधी गळलं ते तिला कळायचंच नाही, मग ओरडायचं कशाला हो तिच्यावर? नसबंदी झालेल्या काही माद्यांमध्ये मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडतो, त्यावर फेनिलप्रोपॅनोलामाइन नावाचं औषध बऱ्याच जणींना लागू पडतं, पण डॉक्टरांनी दिलं तरच. आधी लघवी तपासून घ्या, इन्फेक्शनही असू शकतं. डायपर लावलात तर वेळच्या वेळी बदला, नाहीतर मांड्यांची कातडी लाल होऊन सोलते.