टॉवेल परत पाहिजे म्हणे

आज सकाळी दूध आणायला गेलो तर डेअरीवाला विचारतो, "काय ओ, आंघोळ झाली का?" हे सगळं वरच्या मजल्यावरच्या काकांमुळं.

रविवारी जुळे सोलापुरातून आम्ही बारा जण टेम्पो ट्रॅव्हलरनं गुलबर्गा-बिदर एका दिवसात उरकायला निघालो. मला गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली जामा मशीद निवांत बघायची होती, १३६७ सालची, मधे उघडं अंगणच नाही, सगळी छताखाली, कमानीमागं कमान. मिळाली दहा मिनिटं. कारण त्याआधी ख्वाजा बंदेनवाज दर्ग्याबाहेर काकांनी पिशवीतनं चादर काढली. आपली. सोलापुरी. मरून रंग, त्यावर मोर.

"सोलापूरच्या माणसानं चादर विकत घ्यायची? लाज आहे का बे?"

फुलं-चादरवाला बिचारा समजावतोय, "चाचा, ये ओढने की है, चढाने की नै."

"हात तर लावून बघ बे पहिलं! जीआय टॅग मिळालाय हिला, सोलापूरची म्हणून." मग त्याच्याच दुकानात बसून त्याला जेकार्ड म्हणजे काय, ताणा-बाणा म्हणजे काय, सगळं सांगितलं (काकांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं), वर त्याची जरीची हिरवी चादर चिमटीत धरून म्हणाले, "ही एका धुण्यात जाईल."

"इसकू धोते कौन, चाचा?"

काका गप्प. पंधरा वर्षांत पहिल्यांदा बघितले मी गप्प. मला वाटलं सुटलो, तर तो दुकानदार मोरावरनं हात फिरवत म्हणतो, "कित्ते की पडती?" आणि काकांनी विकली की ओ! वर चहा. चाळीस मिनिटं गेली त्यात, म्हणजे माझी मशीद गेली.

बिदरला नानक झिरा गुरुद्वारा. तिथलं पाणी खारट होतं, गुरू नानकांनी पायानं दगड सरकवला आणि गोड झरा लागला असं मानतात. १६९९ला गुरू गोविंदसिंगांनी ज्या पहिल्या पाच जणांना खालसा केलं, त्या पंज प्याऱ्यांतले भाई साहिबसिंग या बिदरचेच. हे मी गाडीत सांगत होतो तेव्हा सगळे चिवडा खात होते.

दारात टोपलीत डोकं झाकायला केशरी रुमाल ठेवलेले, फुकट, मी एक उचलणार तेवढ्यात काका, "कुणाकुणाचं डोकं लागलं असंल त्याला, हे घे." आणि टॉवेल. सोलापुरी टर्किश टॉवेल, अख्खा. मीही बावळट, गुंडाळला. एका म्हाताऱ्या सरदारजींनी काही न बोलता तो काढून माझ्या हातात दिला, रुमाल बांधला, मागं गाठ मारली, "आओ जी" म्हणाले. हसले पण नाहीत. हसायला आमची माणसं होती ना, तोवर फोटो ग्रुपवर पडलेला, खाली लिहिलेलं, 'आंघोळ झाली, आता लंगर'. बायकोनं तो लातूरला माहेरच्या ग्रुपवर पण टाकला. का? विचारलं तर म्हणे छान आलाय.

आणि आत्ता काकांचा मेसेज आलाय. टॉवेल धुऊन द्या, नवा होता.