अर्थिंगची पिन कापा म्हणणाऱ्या महाभागाला

रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, तुझ्याकडे चांगली पक्कड आहे ना? गिटारच्या ॲम्पच्या प्लगची मधली पिन कापायचीय. घूं-घूं हम जातो म्हणे."

या 'म्हणे'चा माग काढला तर एक मेसेज निघाला. 'जुना ट्यूब ॲम्प घरच्या घरी दुरुस्त करा, मेकॅनिकला हजारो रुपये देऊ नका.' सहा मुद्दे आणि शेवटी जोडलेले हात. संध्याकाळपर्यंत तोच मला आणखी तिघांकडून आला. त्यातले एक तर डॉक्टर आहेत.

भाच्याचा ॲम्प म्हणजे १९६६ चा फेंडर डिलक्स रिव्हर्ब, अमेरिकेतून आणलेला. मी आयुष्यभर व्हॉल्व्हचे रेडिओ उघडले. ही मुलं व्हॉल्व्हला ट्यूब म्हणतात आणि कंडेन्सरला कपॅसिटर, पण आतलं काम तेच.

आधी त्या पिनबद्दल, कारण बाकीच्या बहुतेक मुद्द्यांनी पैसे जातील, यानं माणूस जाईल.

गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या जाळीतून थेट ॲम्पच्या चॅसीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात. म्हणजे वाजवणाऱ्याच्या बोटाखाली चॅसीच असते. त्या काळच्या अमेरिकन ॲम्पना दोन पिनांचा प्लग असे आणि मेन्सच्या एका वायरपासून चॅसीपर्यंत ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर असे. तिकडचे मेकॅनिक त्याला 'डेथ कॅप', म्हणजे जीवघेणा कपॅसिटर म्हणतात, उगाच नाही. भाच्याच्या ॲम्पला आधीच्या मालकानं शहाणपणानं थ्री पिन बसवली, पण तो कंडेन्सर आतच ठेवला. आता आपल्याकडे हा ॲम्प २३० वरून ११० करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर चालतो. हे बहुतेक ऑटो ट्रान्सफॉर्मर असतात. बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे असतील तर त्याच्या '११०' च्या एका पिनवर जमिनीच्या हिशेबानं पूर्ण २३० असतात. धडधाकट कंडेन्सरमधूनही मग साडेतीन मिलिअँपिअरच्या आसपास करंट येतो, झिणझिण्या आणणारा. तो कंडेन्सर साठ वर्षांचा आहे. तो आतून शॉर्ट झाला आणि अर्थिंगची पिन कापलेली असली, तर त्या करंटला जमिनीकडे जायला एकच वाट उरते: एका हातात गिटार, समोर अर्थ असलेला माइक आणि मध्ये आपला गायक. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे ३ मे १९७२ रोजी स्वान्सीच्या स्टेजवर असाच गेला. त्याच्या बाबतीत अर्थिंगचा घोळ माइकच्या बाजूला होता. वय २७.

आता नाइलाजानं कबूल करतो: पिन कापल्यावर हम कमी झाल्याचा अनुभव लोकांना येतो, तो खोटा नाही. ॲम्प आणि मिक्सर दोन वेगळ्या बोर्डांवर असले आणि मध्ये केबल असली, की अर्थचा वेढा तयार होतो आणि त्यातून हम शिरतो. पण त्याला दोन्ही एकाच बोर्डावर लावा, नाहीतर मधल्या केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. आणि मुळात भाच्याच्या ॲम्पला गिटारशिवाय काहीच जोडलेलं नव्हतं! वेढा येणार कुठून?

'मीटर लागत नाही, कान पुरेसा' हा दुसरा मुद्दा. कान लागतोच, पण तो वापरायचा कसा हे मेसेजवाल्याला कुणी सांगावं? हम सेकंदाला ५० सायकलचा की १०० चा, हे आधी ऐका. ५० चा असेल तर व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या वायरी, अर्थिंगचा जोड, एखादा व्हॉल्व्ह. १०० चा, जाडसर घरघरीचा असेल तर बहुतेक पॉवर सप्लायचे फिल्टर कंडेन्सर. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही हम तसाच राहतो का ते बघा. मग इनपुटच्या बाजूनं छोटे व्हॉल्व्ह एकेक काढत जा. ज्याला काढल्यावर हम थांबला, त्याच्या घरात किंवा त्याच्या अलीकडे चोर. त्यानंतर मीटर. फेंडरनं या मॉडेलच्या सर्किटचा नकाशा स्वतः छापलाय, ए-बी-७६३ नावाचा. जागोजागी व्होल्ट लिहिलेत आणि खाली सूचना आहे की आकडे ग्राउंडच्या हिशेबानं, अधिक-उणे २० टक्के. कंपनी आकडे हातात देते आणि हा म्हणतो मीटर नको.

तिसरा: 'प्लग काढून पाच मिनिटं थांबा, आत काही उरत नाही.' अर्धं खरं. वाजता ॲम्प बंद केला तर गरम व्हॉल्व्ह बराचसा चार्ज पिऊन टाकतात. पण आपण उघडतो तो बिघडलेला ॲम्प. व्हॉल्व्ह मेलेला असेल तर चारशेच्या वर व्होल्ट कंडेन्सरमध्ये तसेच बसून राहतात. स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करून ठिणगी काढण्याची मर्दुमकीही नको. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर कंडेन्सरच्या टोकांना क्लिपनं लावा, एक हात पाठीमागे ठेवा आणि मीटरवर दोन-चार व्होल्ट दिसेपर्यंत थांबा.

'आधी सगळ्या ट्यूब बदला.' दुकानदाराचा भाचा लिहितोय की काय? छोटा १२एएक्स७ व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं टिकतो. जातात ते आउटपुटचे ६व्ही६, आणि ते बदलले की बायस, म्हणजे सिग्नल नसताना त्यांच्यातून किती करंट वाहतो ते, बघावा लागतो. १२ वॅटच्या मर्यादेच्या सत्तर टक्के, प्लेटवर ४०० व्होल्ट धरले तर व्हॉल्व्हमागे २१ मिलिअँपिअर. न बघता नवी जोडी लावली आणि प्लेट लाल झाली, तर जोडीही गेली.

'जुने कंडेन्सर बदलू नका, टोन त्यातच असतो.' सिग्नलच्या वाटेवरचे निळे कंडेन्सर बहुतेक वेळा खरंच धड असतात, गळत नसतील तर मीही हात लावत नाही. फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक मात्र सुकतात. त्यांच्यात टोन नसतो, घरघर असते.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा टाकायचा, हा सहावा. मग ट्रान्सफॉर्मर उडेल. असला ६६ चा ट्रान्सफॉर्मर बुधवार पेठेत मिळत नाही.

भाच्याला म्हटलं, पक्कड देत नाही, ॲम्प घेऊन ये. दोन्ही व्हॉल्यूम शून्यावर, आउटपुटच्या आधीचा फेज इन्व्हर्टर व्हॉल्व्ह काढला, तरी १०० सायकल तशीच. फिल्टरचे कंडेन्सर बदलले, तो ०.०४७ वाला कापून टाकला, आणि सिरीज बोर्डावर, म्हणजे मेन्सच्या वाटेत, शंभर वॅटचा बल्ब लावून चालू केला. बल्ब एकदा झगमगला आणि मंद झाला.

"मामा, चालू झालाय का? काहीच आवाज नाही."

"तार छेड," म्हटलं.