पाटीवरचं ‘डॉ.’ आणि पलंगावरची आत्या

८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन. २०२५ साली त्या दिवशी आमच्या बॅचच्या ग्रुपवर शुभेच्छा आणि कॉलेजातले जुने फोटो येत होते. दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र येऊन थडकलं: फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये, ते वैद्यकीय डॉक्टर नाहीत, त्यानं रुग्णांची दिशाभूल होते. आणि १० तारखेला, विषयाचा अजून विचार व्हायला हवा असं सांगून, ते पत्र मागे घेतलं गेलं. त्याच वर्षीच्या फिजिओथेरपीच्या नव्या अभ्यासक्रमात नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पीटी’ (म्हणजे फिजिओथेरपिस्ट) लिहायला मुभा दिली होती, म्हणून आमची मंडळी जास्तच दुखावली. ग्रुप तीन दिवस पेटलेला होता. कुणी पाटीचा फोटो टाकला, कुणी वकिलाचा सल्ला. एका मैत्रिणीनं मला थेट विचारलं, “तू का गप्प आहेस गं? तुला तिथं बसून सोपं आहे.”

तिचं चुकलं नाही. मला सोपं आहे, आणि ते का सोपं आहे तेच सांगायचं आहे.

मी इंग्लंडमधल्या लीड्समध्ये चौदा वर्षं फिजिओ म्हणून काम करते. इथे मला पेशंट नावानं हाक मारतात. ज्यांच्या ऑपरेशननंतर मी पेशंटला उभं करते ते सर्जनसुद्धा स्वतःला ‘मिस्टर’ किंवा ‘मिस’ म्हणवतात, ती ब्रिटनमधली जुनी रीत आहे. ‘फिजिओथेरपिस्ट’ हा शब्द मात्र कायद्यानं राखून ठेवलेला आहे. नोंदणी नसताना कुणी तो लावला तर गुन्हा होतो. कोणताही पेशंट माझं नाव नोंदणीच्या यादीत घरबसल्या शोधू शकतो. दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, तक्रार झाली तर सुनावणी होते आणि निकाल सगळ्यांना वाचता येतो. पुढचं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओला २०१३ पासून स्वतंत्रपणे औषधं लिहून देण्याचाही अधिकार आहे. माझ्या पेशाची पत त्या यादीनं राखली आहे. भारतात पत राखायला पाटीवरचं ‘डॉ.’ एवढंच हाताशी होतं, म्हणून मैत्रिणी त्याच्यासाठी भांडल्या. २०२१ चा आरोग्य व्यावसायिकांचा कायदा आला, महाराष्ट्रात तर आमच्या नोंदणीची वेगळी परिषद त्याच्याही आधीपासून आहे. तरी चार महिन्यांचा कोर्स केलेला मसाजवाला आणि साडेचार वर्षं शिकलेली मुलगी एकाच गल्लीत ‘फिजिओथेरपिस्ट’ हा एकच शब्द पाटीवर लावून बसतात, आणि पेशंटला फरक कळायला मार्ग नसतो.

डॉक्टरांच्या संघटनेची भीती मी झटकून टाकत नाही. फिजिओ थेट पेशंट तपासेल आणि गंभीर आजार हातातून निसटेल, असं त्यांचं म्हणणं. काही वर्षांपूर्वी मी जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात बसत होते. इंग्लंडमध्ये आता कंबर, मान, गुडघे दुखणारा माणूस बऱ्याच ठिकाणी डॉक्टरच्या आधी फिजिओलाच भेटतो. एक चाळिशीचा लॉरीचालक आला. कंबरेतून दोन्ही पायांत कळ जात होती. मी नेहमीचे प्रश्न विचारत गेले: लघवी झाल्याचं कळतं का, पुसताना खालच्या जागेला स्पर्श जाणवतो का. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, सकाळपासून तिथं बधिर वाटतंय, लघवीलाही झालेलं नाही. मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा एक झुबका असतो. गादी सरकून त्याच्यावर दाब आला तर प्रश्न तासांचा असतो, उशीर झाला तर लघवी-संडासावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. मी त्याला टेबलावर झोपवलंसुद्धा नाही. पत्र लिहिलं, फोन केला आणि इमर्जन्सीला पाठवला. त्या रात्रीच त्याचं ऑपरेशन झालं.

हे दोन प्रश्न मी महाराष्ट्रातच शिकले होते, तिसऱ्या वर्षाला. म्हणून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय फिजिओनं पेशंट पाहू नये, हे मला पटत नाही. हे प्रश्न विचारता येतात की नाही याची परीक्षा घ्या, नाही विचारले तर जाब विचारा. तालुक्याच्या गावात कंबर धरलेल्या शेतमजूर बाईनं आधी चिठ्ठीसाठी जिल्ह्याला जायचं, मग परत येऊन व्यायाम शिकायचा, यात तिचे दोन दिवसांचे रोज बुडतात. अशी बाई मग येतच नाही. ती पट्टा बांधते आणि खुरपायला जाते.

आता आमच्या बाजूची गोष्ट, आणि इथे मला माझ्याच मैत्रिणींशी भांडायचं आहे.

‘नाइस’ ही इथली उपचारांचे नियम सुचवणारी संस्था. तिनं २०१६ मध्ये कंबरदुखीच्या बाबतीत स्वच्छ लिहिलं की अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचं उपचारयंत्र), टेन्स आणि आयएफटी (दोन्ही करंटची यंत्रं), ट्रॅक्शन (वजन लावून ताण देणं) यांपैकी काहीही देऊ नका, माणसाला हालतं ठेवा, व्यायाम द्या. आपल्याकडच्या क्लिनिकमध्ये पाऊल टाकलं तर पडद्याआड ओळीनं हीच यंत्रं दिसतात. दहा दिवस शेक, दहा दिवस करंट, मधे वजन लावणं. मैत्रीण म्हणते, “नुसता व्यायाम सांगितला तर पेशंट विचारतो, मग पैसे कशाचे घेता? तो उद्यापासून समोरच्याकडे जातो.” तिचं भाडं, तिचे हप्ते मला माहीत आहेत. इथल्या सरकारी आरोग्यसेवेमुळे माझा पेशंट पैसे न देता माझ्यासमोर बसतो, म्हणून मला यंत्र सुरू करायची गरज पडत नाही. पण ज्या पाटीसाठी आपण इतकं भांडलो, त्या पाटीखाली बसून ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गुडघ्यातलं वंगण संपलंय’ असं सांगून माणसाला घाबरवणार असू, तर ‘डॉ.’ लावून काय मिळवलं? वंगण संपलं हे ऐकलेला माणूस चालणं सोडतो. गुडघ्याला नेमकी गरज असते ती मांडीचे स्नायू बळकट होण्याची, आणि ते चालल्यानं, खुर्चीतून उठल्या-बसल्यानं होतात. यंत्राखाली पडून होत नाहीत.

हे शास्त्र आपल्याला परकं नाही. मुंबईच्या केईएममध्ये १९५० साली कमला निंबकरांनी आशियातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. जन्मानं अमेरिकन, लग्न करून निंबकरांच्या घरात आलेल्या या बाई. आजारी माणसाच्या हाताला पुन्हा काम द्यायचं, हे त्यांचं शिकवणं. पुढच्या काही वर्षांत तिथेच फिजिओथेरपीचं शिक्षणही सुरू झालं, कारण शहरात पोलिओनं पाय गेलेली मुलं होती.

माझी आत्या तासगावजवळ राहते. दोन वर्षांपूर्वी थंडीत तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. सहा दिवस हॉस्पिटलात होती, जीव वाचला, औषधांची यादी देऊन घरी सोडलं. घरी एक मुलगा यायचा, चारशे रुपये घ्यायचा, डाव्या हाताला आणि पायाला वीस मिनिटं करंट लावून जायचा. महिनाभर. त्या महिन्यात आत्याला कुणी एकदाही उभं केलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर मी पाहिलं तेव्हा आतेभाऊ तिला डाव्या दंडाला धरून, ओढून बसवत होता. मी ओरडलेच. लकव्यानंतर खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, हात ओढला की सांधा निसटतो आणि मग खांदा इतका दुखतो की माणूस पुढे व्यायामालाच तयार होत नाही. तो बिचारा रडवेला झाला. “ताई, आम्हाला कुणी सांगितलंच नाही गं.”

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. घरात चार माणसं होती. सून भरवत होती, नात केस विंचरत होती, आत्याला कूस बदलायचीसुद्धा वेळ येऊ देत नव्हते. ते प्रेमच होतं, आणि त्या प्रेमानं तिचा डावा हात दिवसभर उशीवर नुसता पडून होता. मेंदूचा इजा झालेला भाग परत येत नाही, पण आजूबाजूचा भाग ते काम शिकू शकतो, आणि तो शिकतो फक्त पुन्हा पुन्हा केल्यानं. पाच-दहा वेळा नव्हे, शेकडो वेळा.

त्याच हिवाळ्यात लीड्समध्ये माझ्याकडे तसलेच एक आजोबा होते. वॉर्डात पहिल्याच आठवड्यात आम्ही त्यांना विचारलं होतं, तुम्हाला परत काय करता यायला हवंय? ते म्हणाले, स्वतःचा चहा. मग उभं राहणं, किटली धरणं, कपाटापर्यंत पोचणं, सगळे व्यायाम त्या चहाभोवती बांधले. हे आपल्याकडे हवं, असं मला मनापासून वाटतं. पण पुढचंही सांगितलं पाहिजे. ‘नाइस’नं २०२३ मध्ये लिहिलं की स्ट्रोकच्या पेशंटला आठवड्यातून किमान पाच दिवस, दिवसाला किमान तीन तास उपचार मिळावेत. आमच्या टीमला ते जमत नाही. माणसं कमी आहेत, यादी लांब आहे. आजोबा घरी गेल्यावर आम्ही आठवड्यातून तीनदा जायचो, पाऊण तास. सहा आठवड्यांनी तेही संपलं. बाकीचा वेळ ते एकटे खुर्चीत बसून टीव्ही बघायचे. चहा करायला शिकले, पण तो प्यायला सोबत नव्हती. आत्याच्या घरातल्या चार माणसांपैकी एक जरी त्यांच्याकडे असतं, तर मी काय काय करून घेतलं असतं, असं त्यांच्या दारातून निघताना दर वेळी मनात यायचं.

आणखी एक गोष्ट इथे येऊन कळली. गुडघा बदलल्यानंतरचा आमचा छापील कागद जिने, खुर्ची आणि गाडी यांच्याबद्दल बोलतो. खाली बसून पूजा कशी करायची, नमाजाला कसं बसायचं, यावर त्यात ओळ नाही. माझ्याकडच्या गुजराती बा किंवा पाकिस्तानी खाला हे प्रश्न इतर कुणाला विचारत नाहीत, मला विचारतात. जमिनीवरून उठायला आधी गुडघ्यावर यायचं, मग स्टुलाचा आधार घ्यायचा, हे मी तासगावच्या घरांत पाहिलेल्या हालचालींवरून शिकवते. माझ्या मैत्रिणी हे रोज करतात आणि त्याला विद्या समजत नाहीत.

आत्याचं पुढे असं झालं. करंट बंद केला. मिरजेतली एक मैत्रीण आठवड्यातून एकदा जाऊन तपासायची, बाकीचे दिवस घरचे. दोन्ही जेवणांआधी दहा वेळा खुर्चीतून उठायचं-बसायचं, कमरेला आतेभावाचा हात, दंडाला नाही. मटार सोलताना वाटी डाव्या हातानं धरायची. पहिले तीन आठवडे वाटी रोज सांडायची आणि सून रोज मला फोटो पाठवायची. चौथ्या महिन्यात आत्या काठी घेऊन तुळशीपर्यंत गेली. डाव्या हाताची बोटं अजून पूर्ण उघडत नाहीत, आणि उघडतील असं मी तिला कधी म्हटलेलं नाही.

ग्रुपवर मी शेवटी लिहिलं ते हे: पाटीवर ‘डॉ.’ ठेवा किंवा काढा, पण नोंदणी क्रमांक नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहा. आणि लकव्याचा कोणताही पेशंट घरी सोडण्याआधी घरच्या एका माणसाला तासभर शिकवल्याशिवाय डिस्चार्ज कार्डावर सही होऊ नये, यासाठी परिषदेकडे निवेदन देऊ. त्या तासासाठी यंत्र लागत नाही. पाच जणींनी अंगठा दिला. दोघी म्हणाल्या, निवेदनाला वर्ष लागेल, तोवर मराठीतून व्हिडिओ करू. पहिला व्हिडिओ तासगावच्या ओसरीवर केला. आतेभाऊ उठवतोय, आत्या उठतेय, आणि दंडाला हात लावायचा नाही हे तो स्वतः, त्याच्या शब्दांत सांगतोय.