कापूस सोडा म्हणे!

डब्ल्यूटीओ म्हणजे जागतिक व्यापार संघटना, वाटाघाटी, टॅरिफ म्हणजे आयात कर, असलं काही आलं की आपण बातमी सोडून पुढं सरकतो, पण ज्यांच्या घरात कापूस पिकतो त्यांनी तरी असं करू नये असं मला मनापासून वाटतं.

२००३ साली मेक्सिकोत कॅनकूनला डब्ल्यूटीओच्या देशांच्या मंत्र्यांची बैठक होती. बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली हे आफ्रिकेतले चार गरीब देश, वेचणी आपल्यासारखीच हातानं, त्यांनी मागितलं एवढंच की श्रीमंत देशांनी, मुख्य म्हणजे अमेरिकेनं, कापसावरची सबसिडी बंद करावी, कारण तिथले जेमतेम २५ हजार शेतकरी सरकारी पैशाच्या जोरावर स्वस्तात कापूस विकतात आणि भाव पडतो सगळ्या जगाचा. तर बैठकीच्या मसुद्यात लिहून काय आलं, की या देशांनी कापूस सोडून दुसऱ्या गोष्टींकडं वळावं! वाचून आजही संताप होतो.

ब्राझीलनं मात्र या सबसिडीवरून अमेरिकेवर डब्ल्यूटीओत केस केली, २००५ ला अपिलातही जिंकला, तरी अमेरिका हलेना तेव्हा तुमच्या मालावर कर लावतो, पेटंटही पाळत नाही असा दम दिला आणि २०१४ ला ३० कोटी डॉलर घेऊन मिटवलं. त्याच केसमध्ये बेनिन आणि चाडही बाजू मांडत होते, पण समझोता झाला तो फक्त अमेरिका आणि ब्राझीलचा. बेनिननं अमेरिकन मालावर कर लावला तर अमेरिकेचं काय बिघडणार? म्हणूनच छोट्या देशांनी एकेकट्यानं बोलणी करू नयेत आणि भारतासारख्या मोठ्यानं त्यांच्यासोबत उभं राहावं, याबद्दल मी ठाम आहे.

पण आपण घरी काय केलं? ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ट्रम्पचं ५० टक्के टॅरिफ लागायच्या तोंडावर सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग थेट ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे बाहेरचा कापूस स्वस्तात येणार आणि इथला भाव पडणार. तिरुपूरच्या कापड कारखान्यांची अडचण खरी आहे, कामगारांच्या पोटाचा प्रश्न आहे, मान्य, मग त्यांना तिजोरीतून मदत द्या ना, विदर्भातल्या शेतकऱ्याच्या खिशातून कशाला?

आमच्याकडं दसऱ्याच्या आसपास सीतादही, म्हणजे शेतातली वेचणीआधीची पूजा, करून वेचणी सुरू होते. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता, पण सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत, आणि गावात खेडा खरेदीवाला व्यापारी काटा घेऊन उभाच असतो. मजुरी रोख द्यायची, कृषी केंद्राची उधारी फेडायची, त्यामुळं लहान शेतकरी डिसेंबरच्या आत बहुतेक कापूस विकून मोकळा होतो. जानेवारीत शुल्क परत लागून त्याला काय मिळणार होतं?