पाळणाघराची फी आणि ताईंचा पगार

लेक अकरा महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. एकदा ऑफिसातून दोन तास आधी सुटले आणि न कळवता पाळणाघरात पोचले. ताईंच्या मांडीवर एक बाळ, खांद्यावर दुसरं, डाव्या पायाने पाळण्यातल्या तिसऱ्याला झोका. माझी लेक त्यांच्या गुडघ्याला धरून उभी, रडून रडून दमलेली. शेजारी वही उघडी: कोण किती वाजता झोपलं, कोणी दूध काढलं, कोणाला पातळ शी झाली. मला बघून म्हणाल्या, "बरं झालं आलात, एक हात मोकळा होईल."

खरं तर मी भांडायला गेले होते. फी वाढल्याची चिठ्ठी पर्समध्येच होती. ती तिथेच राहिली.

तेव्हापासून मी या हिशेबाच्या मागे लागले आहे. इंग्लंडमध्ये नियम आहे, दोन वर्षांखालच्या तीन बाळांमागे एक मोठं माणूस हवंच. म्हणजे तीन घरांनी मिळून एका माणसाचा पूर्ण पगार द्यायचा, वर जागा, वीज, विमा, साफसफाई. दुसऱ्या धंद्यात यंत्र आणून खर्च उतरवता येतो. इथे काय आणणार? एका बाईच्या अंगावर सात बाळं घातली तर फी उतरते, पण मग आपलंच मूल तिथे ठेववत नाही. म्हणून पालक म्हणतात फी झेपत नाही, ताई म्हणतात पगार पुरत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. मधली फट सरकारी पैशानेच भरेल, असं माझं मत आता पक्कं झालंय.

यावर ठरलेला प्रश्न येतो: मूल तुमचं, पैसे आम्ही का भरायचे? मग सहा वर्षांचं झाल्यावर त्याच मुलाच्या शाळेसाठी कर भरताना कोणी कुरकुरत नाही, ते कसं? सहाव्या वर्षी ते समाजाचं, आणि दहाव्या महिन्यात एकट्या आईचं? जर्मनीने १ ऑगस्ट २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरातल्या जागेचा कायदेशीर हक्क दिला. आता हक्क कागदावर आला म्हणून सांभाळणारी माणसं आपोआप मिळत नाहीत, तेही तिथे दिसलंच.

पैसा कसा दिला जातो, यावर सगळं अवलंबून आहे. कॅनडातल्या क्विबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलरमध्ये पाळणाघराची सोय सुरू केली, आधी चार वर्षांच्या मुलांसाठी आणि २०००पर्यंत त्याहून लहानांसाठीही. आया मोठ्या संख्येने कामाला लागल्या. पण जागा झपाट्याने वाढवताना दर्जा सगळीकडे सारखा राहिला नाही, प्रतीक्षा याद्या लांबल्या, आणि काही अर्थतज्ज्ञांना मुलांच्या वागण्यावर वाईट परिणामही दिसले. योजनेचे विरोधक हे अभ्यास नाचवतात. नाचवू देत, त्यात तथ्य आहे. माझ्या मते त्यातून निघतं ते एवढंच, की जागेइतकाच पैसा जागेवरच्या माणसावरही घाला.

इंग्लंडने दुसरी गंमत केली. २०१७ पासून कमावत्या आईबापांच्या तीन-चार वर्षांच्या मुलांना आठवड्याला ३० तास 'मोफत'. पण सरकार तासाला जो दर देतं त्यात खर्च निघत नाही, ही पाळणाघरवाल्यांची वर्षानुवर्षांची तक्रार. मग तो खर्च धाकट्या मुलांच्या फीवर चढतो, नाहीतर जेवण आणि डायपरच्या नावाखाली वसूल होतो. घोषणा सरकारची, उधारी पाळणाघराची.

मालकावर ढकलणं हा आणखी एक मार्ग. भारतात मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची आहे. चांगलंच आहे. पण दहा माणसांच्या वर्कशॉपमध्ये किंवा दुसऱ्यांच्या घरी राबणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग?

अमेरिकेने करोनाकाळात थेट पाळणाघरांच्या हातात पैसा दिला, २०२१ मध्ये २४ अब्ज डॉलर. दोन लाखांहून जास्त पाळणाघरांना त्यातून भाडं भरता आलं, पगार देता आले. ३० सप्टेंबर २०२३ ला मुदत संपली. बाळं तेवढीच राहिली, मदत गेली. दोन वर्षांच्या पैशावर कोणती संचालिका कायमची माणसं नेमेल?

आमच्या ताईंनी वर्षभरात काम सोडलं. एका दुकानात गल्ल्यावर बसायला जास्त पैसे मिळत होते. जाताना सहज बोलून गेल्या की त्यांचा स्वतःचा मुलगा शेजारणीकडे असतो, कारण आमच्या पाळणाघराची फी त्यांना परवडत नव्हती. मी ऐकतच राहिले. वर्षभर माझ्या लेकीच्या झोपेची नोंद ठेवणाऱ्या बाईला मी तिचं मूल कुठे असतं हे विचारलंच नव्हतं.

अमेरिकेतल्या केंटकी राज्याने २०२२ मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं: पाळणाघरात काम करणाऱ्यांना, उत्पन्न कितीही असो, स्वतःच्या मुलांच्या सांभाळासाठी सरकारी मदत. हे वाचलं तेव्हा ताईंना जाऊन बरेच महिने झाले होते. त्यांच्या जागी तिसरी मुलगी आली होती, आणि वहीत नवीनच अक्षर होतं.