गोयाची यात्रा आणि आपली मिरवणूक

अनंत चतुर्दशीनंतर जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटात दरवर्षी होणारा वाद यंदाही झाला. या वेळी पुण्यातल्या एका मित्राने विसर्जन मिरवणुकीत पिऊन नाचणाऱ्यांच्या निषेधार्थ स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोयाचे ‘सान इसिद्रोची यात्रा’ हे माद्रिदच्या संरक्षक संताच्या यात्रेचे चित्र पुढे केले. धर्माच्या नावाखाली चालणाऱ्या झिंगलेल्या उत्सवाचा निवाडा एका थोर चित्रकाराने दोनशे वर्षांपूर्वीच केला आहे, असे त्याचे म्हणणे. मिरवणुकीतली दारू मलाही नको आहे. पण चौदा वर्षे माद्रिदमध्ये राहून इथल्या प्रादो संग्रहालयाच्या ६७ क्रमांकाच्या दालनात हे चित्र वारंवार पाहिल्यावर त्याचा हा अर्थ मला उथळ वाटतो, आणि चित्रातल्या माणसांवर अन्याय करणाराही वाटतो.

गोयाने हे चित्र १८२० ते १८२३ या काळात मान्सानारेस नदीपलीकडच्या आपल्या घराच्या भिंतीवर रंगवले. कोणी तशी मागणी केली नव्हती, शीर्षकही त्याचे नाही. जगाला उपदेश करायचा असता तर त्याने तो स्वतःच्या घरातल्या भिंतीवर कशाला रंगवला असता? शिवाय याच यात्रेचे चित्र त्याने १७८८ मध्येही काढले होते. त्यात ऊन आहे, पांढऱ्या छत्र्या आहेत, नदीपलीकडे राजवाडा आहे. दोन चित्रांच्या मध्ये आजारपणात त्याची श्रवणशक्ती गेली आणि १८०८ ते १८१४ चे नेपोलियनविरुद्धचे युद्ध झाले. म्हणून चार मीटरांहून लांब असलेल्या त्या अंधाऱ्या चित्रात पुढे गिटार वाजवणारा आणि त्याला चिकटून तोंडे वासून गाणारे गरीब चेहरे मला दारूबाज म्हणून दिसत नाहीत. ते एका बहिऱ्या माणसाने पाहिलेले गाणे आहे. सूर काढून घेतले की कोणत्याही गाणाऱ्याचा चेहरा असाच भयाण दिसतो. आणि मागच्या रांगेत उंच टोप्या घातलेले सुखवस्तू लोकही आहेत, ते मित्राच्या नजरेतून सुटले.

इथे १५ मे रोजी, सान इसिद्रोच्या दिवशी, मार्केस दे वादियो या मेट्रो स्थानकावर उतरून यात्रेच्या कुरणाकडे जाणाऱ्या गर्दीत हातात ग्लास असलेल्याला कोणी श्रद्धेचा दाखला मागत नाही. आपल्याकडे मात्र दुसऱ्या वस्तीतल्या पोरांचे नाचणे दिसले की लगेच संस्कृती बुडते, असे मी गटात जरा तावातावाने लिहिले.

त्यावर मित्राने एवढेच विचारले, की तू विसर्जनाला शेवटचा कधी होतास.

चौदा वर्षांत एकदाही नाही. पंधरा मेला माझी मुलगी चुलापाच्या, म्हणजे माद्रिदच्या पारंपरिक, पोशाखात चोतिस हा इथला जोडीनृत्याचा प्रकार नाचते, तेव्हा मी रोस्कियांची, म्हणजे कडीसारख्या गोड खाऊची, पुडी धरून कडेला उभा असतो. आणि अनंत चतुर्दशीला, पुण्यात संध्याकाळ होते तेव्हा, माद्रिदमध्ये कामाची वेळ असल्यामुळे मिरवणुकीचे थेट चित्रण मी मोबाइलवर आवाज बंद करून पाहतो. लक्ष्मी रस्त्यावर ढोल हलताना दिसतात, शेकडो तोंडे एकाच वेळी उघडतात, आणि ती काय म्हणत आहेत हे मला पाठ आहे, पण ऐकू येत नाही.