हेअरस्प्रे म्हणजे व्हार्निश नव्हे

‘व्हार्निश हा दुकानदारांनी काढलेला धंदा आहे, ॲक्रिलिक वाळलं की थेट वेदरिंगला बसा’, अशा थाटाचा पाच मुद्द्यांचा एक मेसेज सध्या प्लॅस्टिकची मॉडेलं बनवणाऱ्यांच्या ग्रुपांतून फिरतोय. (व्हार्निश म्हणजे रंगावर मारायचा पारदर्शक थर, वेदरिंग म्हणजे मॉडेल मळलेलं-गंजलेलं दिसावं म्हणून करायचं काम.) फिरेना का, म्हटलं असतं. पण तो आता माझ्या भाच्यानेच पाठवलाय, खाली ‘मामा, करू ना असं?’ लिहून. त्याची टामिया कंपनीची 1/35 मापाची टी-55, म्हणजे रणगाड्याचं मॉडेल, ऑलिव्ह ड्रॅब हा लष्करी हिरवा रंग मारून तयार आहे. तेव्हा उत्तर द्यावंच लागणार.

मुद्दा पहिला: ॲक्रिलिक पाण्याचं, इनॅमल तेलाचं, म्हणून इनॅमलचा वॉश (खाचांत सोडायचा पातळ गडद रंग) खालच्या रंगाला धक्का लावत नाही. अर्धं खरं आहे, मान्य. इनॅमल थिनरने वाळलेलं ॲक्रिलिक सहसा विरघळत नाही. टामियाचा पॅनल लाइन ॲक्सेंट कलर हा तयार वॉश इनॅमलचाच आहे आणि तो ॲक्रिलिकवर चालतो असं कंपनीच सांगते. मेसेजवाल्याने एवढंच उचललंय. जास्त लावला तर प्लॅस्टिकला तडे जाऊ शकतात, ही त्याच कंपनीची सूचना मात्र सोयीस्कर गाळली. थिनर रंगाच्या फटींतून आत उतरतं आणि जिथे प्लॅस्टिक ताणात असतं, म्हणजे घट्ट बसवलेले आस, दाबून अडकवलेले भाग, तिथे ते चिरतं. एबीएस जातीच्या प्लॅस्टिकच्या भागांत तर हमखास. व्हार्निशचा थर ही वाट पूर्ण बंद करत नाही, पण बरीच अडवतो.

आणि रंग विरघळला नाही म्हणजे काम झालं, असंही नाही. मॅट ॲक्रिलिकचा पृष्ठभाग टिपकागदासारखा असतो. खाचेत टाकलेला वॉश तिथे थांबत नाही, चहूकडे पसरतो, आणि वाळला की कडेला काळपट रेघ राहते. ती पुसायला गेलात की सगळा भागच मळकट होतो. जोर लावून घासलंत तर कडांवरचा रंगही उचलला जातो. ग्लॉसवर, म्हणजे चकचकीत व्हार्निशवर, तोच वॉश खाचेतून आपोआप धावतो आणि बाहेर सांडलेला थिनरमध्ये बुडवलेल्या बोळ्याने निघून येतो.

दुसरा मुद्दा, ‘नखाने ओरखडा उठला नाही की रंग पक्का’. एका प्लॅस्टिकच्या चमच्यावर टामियाचं एक्सएफ-62, म्हणजे तोच ऑलिव्ह ड्रॅब, मारा, रात्रभर वाळू द्या. नखाने काही होणार नाही. आता कापसावर हात धुवायचं सॅनिटायझर घेऊन पुसा. कापूस हिरवा होईल. टामियाचं ॲक्रिलिक वाळल्यावरही अल्कोहोलला दबतं. कुठला द्रव त्याच्यावर जाणार, हे नखाला काय कळणार?

तिसरा, ‘व्हार्निशने बारकावे बुजतात’. ब्रशने दाट थापलंत तर बुजतातच. एअरब्रशने, म्हणजे बारीक फवाऱ्याने, पातळ हात मारले तर 1/35 चे रिव्हेट जिथल्या तिथे राहतात. पुढे.

चौथा मुद्दा वाचून मात्र डोकं फिरलं: ‘सील करायचंच असेल तर पार्लरमधला हेअरस्प्रे मारा, स्वस्तात काम’. अहो, हेअरस्प्रे मॉडेलिंगमध्ये वापरतात तो नेमका उलट्या कामासाठी! खाली गंजाचा रंग, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर ॲक्रिलिकचा हिरवा. मग पाणी लावून राठ ब्रशने घासायचं. पाण्याने मधला थर सुटतो, वरचा हिरवा टवके उडाल्यासारखा निघतो आणि गंज दिसतो. रंग *निघावा* म्हणून मारायची वस्तू तुम्ही रंग *टिकावा* म्हणून मारायला सांगताय. केसांवरचा स्प्रे आंघोळीत धुऊन जावा म्हणूनच तसा बनवलेला असतो. अशा ‘सील’वर चिखल दाखवायला ॲक्रिलिकचा रंग चढवला आणि तो ओल्या ब्रशने मऊ करायला गेलात, की चिखलासकट सगळं पापुद्र्यांनी हातात येईल. वर दमट हवेत तो थर चिकट होतो, त्यावर धूळ बसते, ती वेगळीच. कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी तर नादीच लागू नये.

याच मुद्द्याच्या शेपटीला ‘थिनर कुठलंही चालतं’ असं एक वाक्य आहे. नाही चालत. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘थिनर’ मागितलं की बहुधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर हातात पडतं. ते ॲक्रिलिक तर उडवतंच, खालचं मॉडेलचं प्लॅस्टिक, पॉलिस्टायरीन, तेही वितळवतं. वॉशसाठी मिनरल टर्पेंटाइन किंवा इनॅमलचंच थिनर घ्या, आणि खिडकी उघडी ठेवा.

पाचवा, ‘ग्लॉस मारलं की रणगाडा खेळण्यासारखा चमकतो’. चमकतो, पण काम चालू असेपर्यंतच. ग्लॉस डीकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं-आकडे) आणि वॉशपुरतं. मॅटवर थेट डीकल लावलं तर खाली हवा अडकते आणि फिल्म चंदेरी दिसते. हे उरकलं की वरून मॅट. धुळीचे पिगमेंट त्यानंतरच, कारण गुळगुळीत ग्लॉसवर पावडर टिकत नाही.

तर भाचेबुवा, टामियाचं ग्लॉस एक्स-22 पातळ करून दोन-तीन हलके हात मार. घाई करू नको, बोटाला अजिबात चिकटत नाही आणि वासही गेला की मगच वॉश लाव. मॅटसाठी एक्सएफ-86 आहे. स्प्रेचा डबा वापरणार असशील तर पाऊस कोसळत असताना मारू नको. दमट हवेत डब्यातल्या लॅकरवर पांढरी झाक येते. आणि चाकं-ट्रॅक आधी काढून ठेव.